प्रीमियम कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये

गेल्या अंकात गाडीच्या विम्यावर प्रश्न पाठवा असं लिहिलं आणि पत्रांचा पाऊस पडला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून एकाच धाटणीची पत्रं एकत्र केली आहेत. एक सांगून ठेवते. माझा पेशा मोटार सर्व्हेअरचा होता, म्हणजे ठोकलेल्या गाडीचं नुकसान विमा कंपनीसाठी मोजायचा. विकणारा माणूस पॉलिसी गाडी धड असताना बघतो. माझ्यासमोर ती यायची बॉनेट चेपल्यावर. त्यामुळे उत्तरांमध्ये थोडा खडूसपणा आला तर चालवून घ्या.

प्रश्न : कित्येक वर्षं गाडी चालवतोय, साधा ओरखडासुद्धा नाही. थर्ड पार्टीची सक्ती आहे म्हणून भरतो, पण हे पैसे पाण्यात जातात असंच वाटतं. ओळखीतला एक जण निम्म्या किमतीत थर्ड पार्टी करून देतो म्हणतोय. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देणारा विमा. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या तक्त्यात खासगी मोटारीसाठी इंजिन 1000 सीसीपर्यंत असेल तर वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यापुढे 7,897 रुपये असा दर आहे. वर 18 टक्के जीएसटी. विजेवरच्या गाड्यांना यात 15 टक्के सवलत आहे. या दरात निम्मी सूट द्यायची मुभा कुठल्याच कंपनीला नाही. निम्म्या किमतीत जे मिळतं ते बहुधा छापलेलं खोटं कागद असतं. तुमच्या हातात आधीच असं काही असेल तर त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा आणि एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा कुठल्या कंपनीचा, कधीपर्यंतचा दिसतो ते पडताळा.

आता ‘पाण्यात जातात’ याबद्दल. मोटार वाहन कायदा 1988, कलम 146 प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर कलम 196 खाली पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, दुसऱ्या वेळी 4,000, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. लोक याच दंडाला घाबरतात. खरी भीती दुसरीच आहे, तिचा हिशेब मांडून दाखवते.

समजा, तुमच्या गाडीच्या धडकेत 34 वर्षांचा एक नोकरदार गेला. कायम नोकरी, पगार महिना 40,000. मागे बायको, दोन मुलं आणि आई. अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई अंदाजाने ठरवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांत तिचं गणित घालून दिलं आहे. वर्षाचा पगार 4,80,000. चाळिशीच्या आतला कायम नोकरदार, म्हणून पुढच्या पगारवाढीपोटी 50 टक्के जोडा : 7,20,000. चार माणसं त्याच्यावर अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करा : 5,40,000. 31 ते 35 वयाला गुणक 16. झाले 86,40,000 रुपये. आयकर आणि किरकोळ रकमा मी बाजूला ठेवल्या आहेत.

विमा असेल तर ही रक्कम कंपनी भरते. माणसाच्या मृत्यूला आणि इजेला थर्ड पार्टी पॉलिसीत रकमेची कमाल मर्यादा नाही. विमा नसेल तर ती तुमच्याकडून वसूल होते, म्हणजे घरातून, जमिनीतून, मुलांच्या शिक्षणाच्या ठेवीतून. गाडी जपून चालवता ते उत्तमच, पण समोरचा अंधारात रस्ता ओलांडणार की नाही हे तुमच्या हातात नसतं. माझ्या मते अख्ख्या मोटार विम्यात हे 3,416 रुपयेच सगळ्यात स्वस्त आहेत.

एक बारकावा. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा असते, खासगी मोटारीला साडेसात लाख. काही जण शंभरेक रुपये वाचवायला ती 6,000 रुपयांवर आणून घेतात. हल्लीच्या गाडीचा एक हेडलॅम्पही 6,000 त येत नाही.

प्रश्न : गाडी 11 वर्षांची आहे, विकली तर जेमतेम दीड लाख येतील. एजंट पॅकेज पॉलिसीच घ्या म्हणतो. त्याचे ओन डॅमेजचे 3,900 आणि थर्ड पार्टीचे वेगळे. मुलगा म्हणतो, नुसती थर्ड पार्टी पुरे. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचं थोडं थोडं. पॅकेज पॉलिसी म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, दोन्ही एकत्र. आधी मुलाची बाजू. गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली की बदललेल्या पत्र्याच्या भागावर निम्मा घसारा, म्हणजे जुनेपणापोटीची घट, कापला जातो. प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांच्यावर तर पहिल्या दिवसापासून निम्मा. ही घट कापू न देणारा झिरो डेप नावाचा ॲड-ऑन (जादा प्रीमियम भरून पॉलिसीला जोडायचं संरक्षण) एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणजे 20,000 चे भाग बदलले तर त्यातले दहा तुमचेच. गाडी चोरीला गेली किंवा पार चेपली तर दीड लाख मिळतील, पण दीड लाखाचा फटका तुम्ही सोसू शकत असाल तर दरवर्षी 3,900 कशाला मोजायचे? विमा घ्यायचा तो न झेपणाऱ्या नुकसानीचा. झेपणारं नुकसान विम्यावर टाकलं की तुम्ही त्याची किंमत भरता, वर कंपनीचा खर्च आणि नफाही भरता.

एजंटची बाजू त्याने स्वतः तुम्हाला सांगितली नसेल. प्रश्न गाडीच्या किमतीचा नाहीच, आत बसणाऱ्यांचा आहे. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी मोटारीत बसलेला मित्र किंवा पाहुणा हा ‘तिसरा पक्ष’ धरला जात नाही. तुमच्या चुकीने अपघात झाला आणि त्याने दावा लावला तर कंपनी हात वर करू शकते. पॅकेज पॉलिसीत मात्र आत बसलेल्यांची जबाबदारी येते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली बालकृष्णन खटल्यात हा फरक स्पष्ट केला आहे. म्हणून माझा निकष असा : गाडी बहुतेक वेळा एकट्यानेच, जवळच्या जवळ फिरत असेल तर मुलाचं ऐका. पाहुण्यारावळ्यांना घालून लांबचे प्रवास होत असतील तर 3,900 भरा, आणि ते पत्र्यासाठी नव्हे तर मागच्या सीटसाठी भरतोय असं समजा.

पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्यासाठी 50 रुपयांचं एक वेगळं कलम जोडता येतं. ते नसलेल्या पॉलिसी मी इतक्या पाहिल्या आहेत की आता राग येणंही बंद झालंय.

प्रश्न : ऑनलाइन नूतनीकरण करताना आयडीव्ही कमी-जास्त करायची पट्टी दिसते. गाडी अडीच वर्षांची, तेव्हाची एक्स-शोरूम किंमत 9 लाख. आयडीव्ही 6.30 वरून 5.20 लाखांवर आणली तर 1,400 रुपये वाचतात. वाचवू का?

उत्तर : आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर मिळणारी रक्कम. ती काढायचा तक्ता ठरलेला आहे : सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के घट, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50. पाच वर्षांपुढे तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. नऊ लाखांची गाडी तिसऱ्या वर्षात, म्हणून 6.30 हा आकडा बरोबर आहे. 1,400 वाचवायला तुम्ही 1,10,000 सोडताय.

याचा आणखी एक परिणाम आहे, तो पट्टी सरकवताना कोणी दाखवत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही 6.30 असेल तर ही रेषा 4,72,500 वर, 5.20 असेल तर 3,90,000 वर. समजा दुरुस्तीचं इस्टिमेट 4,20,000 निघालं. पहिल्या पॉलिसीत गाडी दुरुस्त होऊन परत येते. दुसऱ्या पॉलिसीत चांगली दुरुस्त होण्यासारखी गाडी भंगारात निघते आणि तुमच्या हातात बाजारभावापेक्षा कमी रक्कम पडते. कर्ज असेल तर तीही आधी बँकेकडे जाते.

उलट आकडा मुद्दाम फुगवूनही उपयोग नाही. किरकोळ दुरुस्तीत एक पैसा जास्त मिळत नाही, प्रीमियम मात्र दरवर्षी जास्त जातो.

प्रश्न : नवी गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्यांनी झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस, कन्झ्युमेबल्स, किल्ली, टायर, रोडसाइड असिस्टन्स, एनसीबी प्रोटेक्ट असं सगळं घालून दिलं. आता दुसरं वर्ष आहे. यातलं काय ठेवू, काय काढू?

उत्तर : आठही एका दमात सांगणाऱ्याचं कौतुक आहे. सगळ्यांवर सारखं लिहीत नाही. ज्यात पैसा आहे त्यावर लिहिते.

झिरो डेप ठेवा. कारण बिलातच दिसेल. सव्वातीन वर्षांची एक गाडी धरा, समोरून ठोकलेली. बंपर 12,000, हेडलॅम्प 18,000, बॉनेट 14,000, पुढची काच 9,000, रंगकाम 16,000, मजुरी 8,000. एकूण 77,000. झिरो डेप नसेल तर सर्व्हेअर असं कापतो : बंपर प्लास्टिकचा, निम्मे म्हणजे 6,000. हेडलॅम्पही प्लास्टिकमध्येच धरतात, 9,000. बॉनेट पत्र्याचं, तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के, म्हणजे 3,500. काचेवर घसारा नाही. रंगाच्या एकूण बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्यावर निम्मा, म्हणजे 2,000. मजुरीवर काही नाही. झाले 20,500. त्यात सक्तीची डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, 1,000 (1500 सीसीच्या वरच्या गाडीला 2,000). तुमच्या खिशातून 21,500. झिरो डेप असेल तर फक्त ते 1,000 आणि थोडे नट-बोल्ट-कूलंट.

लोक मला विचारायचे, ‘मॅडम, विमा असून एवढे पैसे का?’ सर्व्हेअरने कापले, असं त्यांना वाटायचं. कापलेले असतात पॉलिसीच्या तक्त्यानेच, आणि तो तक्ता त्यांच्या कागदात पहिल्या दिवसापासून असतो. हल्लीच्या गाड्यांचं तोंड जवळपास सगळं प्लास्टिकचं असल्याने ही कात्री पूर्वीपेक्षा जास्त लागते. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत तरी झिरो डेप काढू नका. बऱ्याच कंपन्या वर्षाला दोनच झिरो डेप क्लेम देतात, तेवढं आपल्या कागदात बघून घ्या.

इंजिन प्रोटेक्ट तुम्ही गाडी कुठे लावता यावर आहे. तळघरातलं पार्किंग, सखल रस्ता, पावसात तुंबणारा भाग असेल तर ठेवा. पुराने गाडी भिजली, सीट-वायरिंग खराब झालं तर साधी पॅकेज पॉलिसीही भरपाई देते. पण पाण्यात उभी गाडी चालू केली, पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, कनेक्टिंग रॉड वाकला, तर साधी पॉलिसी ते देत नाही; कंपनीचं म्हणणं असं की हे पुरामुळे नाही, स्टार्टर मारल्यामुळे झालं. इंजिन प्रोटेक्ट असो वा नसो, पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून बघायची नाही. बॅटरीची तार काढायची, फोटो काढायचे, ओढून न्यायची. कंपनीला फोन तिथूनच करायचा.

रिटर्न टू इनव्हॉइस पहिली दोन-तीन वर्षं, आणि गाडी कर्जावर असेल तर नक्कीच. आयडीव्हीत रोड टॅक्स आणि नोंदणीचा खर्च नसतो. गाडी चोरीला गेली तर बिलाची रक्कम आणि आयडीव्ही यातलं भगदाड हा ॲड-ऑन बुजवतो.

कन्झ्युमेबल्स (नट-बोल्ट, कूलंट अशा किरकोळ वस्तूंचं) स्वस्त असेल तर असू द्या. रोडसाइड असिस्टन्स गाडीच्या कंपनीकडून आधीच मिळत असतो, दोनदा कशाला घेता? टायर आणि किल्ली काढून टाका. टायर फुटला तर तेवढा खर्च तुम्ही सोसू शकता. एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट; एनसीबी प्रोटेक्टचं उत्तर पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न : पार्किंगमध्ये खांबाला घासून मागचं दार चेपलं. डेंटिंग-पेंटिंग 6,500 सांगितलंय. सध्या एनसीबी 45 टक्के आहे. क्लेम करू?

उत्तर : बॉडीशॉपवाला ‘करा हो, विमा आहे ना’ म्हणेल. त्याचं बिल दोन्हीकडून निघतं.

एनसीबीची पायरी अशी : एक वर्ष क्लेम नाही तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य.

तुमच्या ओन डॅमेजचा सवलतीआधीचा प्रीमियम 14,000 धरू. क्लेम नाही केला तर पुढल्या वर्षी 50 टक्के सूट, 7,000 भराल, आणि पुढेही तसंच. केला तर पुढली पाच वर्षं अनुक्रमे 14,000, 11,200, 10,500, 9,100, 7,700. वरचा भुर्दंड एकूण 17,500. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा खाली येईल, पण 6,500 मधून 1,000 डिडक्टिबल वजा जाऊन हाती येणाऱ्या 5,500 च्या तो बराच वरच राहील. खिशातून भरा.

एनसीबी प्रोटेक्ट त्यासाठीच असतो, एखाद्या क्लेमनंतर सूट टिकते. एनसीबी 45-50 वर पोचली असेल आणि ॲड-ऑन पाच-सातशेत मिळत असेल तर घ्या. 20 टक्क्यांवर असताना जपायला काही नसतं.

एनसीबी गाडीची नसते, तुमची असते. गाडी विकताना जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या. तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला ते लावता येतं. नव्या गाडीचा ओन डॅमेजचा प्रीमियम मोठा असतो, त्यावर 50 टक्के म्हणजे चांगली रक्कम. विकण्याच्या गडबडीत लोक हीच गोष्ट विसरतात.

प्रश्न : मी जुनी गाडी घेतली. विम्याचे अजून सात महिने बाकी होते, म्हणून पहिल्या मालकाचीच पॉलिसी ठेवली. आरसी माझ्या नावावर झाली आहे. आता एका टेम्पोने मागून ठोकलं आणि कंपनी क्लेम नाकारते आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : वाईट वाटतं, पण कंपनीची बाजू पक्की आहे. कलम 157 प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो. ओन डॅमेज तसा जात नाही. ते तुम्ही आणि कंपनी यांच्यातलं वेगळं कंत्राट आहे. चौदा दिवसांत अर्ज करून पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्यायची असते. नोंदणी तुमची आणि विमा दुसऱ्याचा असेल तर ज्याचा विमा आहे त्याचं नुकसान झालं नाही, आणि ज्याचं नुकसान झालं त्याचा विमा नाही.

टेम्पोवाल्याची चूक असेल तर त्याच्या थर्ड पार्टी विम्याविरुद्ध अपघात दावा न्यायाधिकरणात तुमच्या गाडीचं नुकसान मागता येतं. पोलिसांत नोंद आणि फोटो हवेत. वेळ लागतो, पण वाट बंद नाही.

जुनी गाडी घेणाऱ्या बाकीच्यांसाठी : आरसीच्या अर्जासोबतच विम्याचा अर्ज करा. पहिल्या मालकाची एनसीबी तुम्हाला मिळत नाही. त्याला मिळालेल्या सवलतीची उरलेल्या मुदतीपुरती रक्कम कंपनी तुमच्याकडून मागेल. कुरकुर न करता भरा.

प्रश्न : गाडी बायकोच्या नावावर आहे, कर सवलतीसाठी. चालवतो मी. पॉलिसीत 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे, मग मला वेगळा कशाला?

उत्तर : कारण तो तुमचा नाही. ते कव्हर ‘मालक-चालक’ यांचं असतं. मालकीण तुमच्या पत्नी. त्या गाडी चालवत असताना, किंवा त्या गाडीत बसलेल्या असताना अपघात झाला तर त्यांना ते लागू होतं, आणि तेही त्यांच्याकडे वैध परवाना असेल तर. तुम्ही स्टेअरिंगवर असताना तुम्हाला काही झालं तर या 15 लाखांतला रुपयाही मिळणार नाही. त्यांच्याकडे परवानाच नसेल तर हे कव्हर त्यांनाही लागू होत नाही, ते घ्यायची गरजही नाही.

तुम्ही स्वतःच्या नावाने वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्या. तो गाडीला बांधलेला नसतो, बसमध्ये, रस्त्यावर चालताना, कुठेही चालतो. मागे बसणाऱ्यांसाठी पॉलिसीत ‘अनामिक प्रवासी’ म्हणून दरडोई दोन लाखांपर्यंत जोडता येतं. रक्कम लहान आहे, पण फारसं महागही नाही.

प्रश्न : विमा संपून चार दिवस झाले, लक्षातच राहिलं नाही. आयुर्विम्यासारखी काही दिवसांची सूट असते ना?

उत्तर : नाही. 90 दिवसांची मुदत ऐकली असेल, ती फक्त एनसीबी टिकण्यासाठी आहे, संरक्षणासाठी नाही. शेवटच्या तारखेच्या मध्यरात्रीनंतर तुमची गाडी विम्याविना आहे. कंपनी आता आधी तपासणी करेल, बहुतेक जण मोबाइलवर गाडीचा व्हिडिओ मागतात. पॉलिसी हातात येईपर्यंत गाडी हलवू नका. वरचं 86 लाखांचं गणित पुन्हा वाचा.

प्रश्न : क्लेम नाकारला किंवा कमी दिला तर दाद कुठे मागायची? वकील करावा लागतो का?

उत्तर : आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी लिहा, सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. फोनवर भांडू नका, त्याची नोंद राहत नाही. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीच्या तक्रारी तिथे चालतात, दुसऱ्याच्या विम्यावरचे अपघात दावे नाहीत.

पत्र लिहिताना ‘अन्याय झाला’ असं तीन पानं लिहू नका. कुठल्या भागाचे किती कापले, पॉलिसीच्या कुठल्या कलमाने, आणि ते का चूक आहे, एवढंच लिहा. अर्धं पान पुरतं.

प्रश्न : बाहेरून सीएनजी किट बसवलं. विमा कंपनीला कळवायची गरज आहे का? आरसीवर नोंद झाली आहे.

उत्तर : आहे. आरसीवरची नोंद परिवहन कार्यालयासाठी झाली, कंपनीसाठी नाही. किटचं बिल आणि नवी आरसी देऊन पॉलिसीवर नोंद करून घ्या. ओन डॅमेजमध्ये किटच्या किमतीच्या 4 टक्के आणि थर्ड पार्टीत 60 रुपये असा जुन्या दरपत्रकाचा हिशेब आहे. 40,000 च्या किटला 1,600 अधिक 60. कारखान्यातूनच बसवून आलेलं असेल तर गाडीच्या किमतीत ते धरलेलं असतं, तरी पॉलिसीवर इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल-सीएनजी’ छापलंय ना, तेवढं बघा.